सामना वगळता डर्बन

आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेसाठी परदेशी शहरात जाणाऱ्या माणसाला प्रेक्षक म्हणावे की पर्यटक, या प्रश्नाचा निकाल अद्याप लागलेला नाही. कारण प्रेक्षक म्हणावे तर नव्वद मिनिटांचा सामना वगळता त्याचा उरलेला सगळा काळ रांगेत, बसमध्ये आणि हरवलेल्या सोबत्याच्या शोधात जातो, आणि पर्यटक म्हणावे तर 'सामन्याला उशीर होईल' या धास्तीपोटी शहरातील कोणतीही गोष्ट तो धड पाहत नाही. सोयीसाठी येथे त्याला प्रेक्षक-पर्यटक म्हटले आहे. २०१० साली, आफ्रिका खंडात प्रथमच भरलेल्या विश्वचषक स्पर्धेच्या निमित्ताने, ही जमात दक्षिण आफ्रिकेत मोठ्या संख्येने उतरली, आणि त्या देशातील नऊ यजमान शहरांपैकी हिंदी महासागराच्या काठावरील डर्बन हे शहर तिच्या अभ्यासासाठी विशेष सोयीचे ठरते. जोहान्सबर्गमध्ये जूनच्या रात्री दात वाजत असताना डर्बनमध्ये दिवसा लोक समुद्रात डुंबत होते, गल्लोगल्ली भारतीय वळणाचे कालवण मिळत होते, चौपाटीवर रिक्षा होत्या. थोडक्यात, सामना न पाहण्याची कारणे या शहरात इतर कोणत्याही यजमान शहरापेक्षा अधिक होती.

या जमातीची भारतीय उपजाती अधिक गुंतागुंतीची आहे. स्पर्धेत बत्तीस देश खेळत होते आणि त्यांत भारत नव्हता. किंबहुना १९५० साली ब्राझीलमधील स्पर्धेत खेळण्याची संधी चालून आली असता आपला संघ गेला नाही आणि त्यानंतर ती संधी पुन्हा आली नाही, त्यामुळे भारतीय प्रेक्षकाला निष्ठा नेहमीच भाड्याने घ्यावी लागते. बंगाली आणि मल्याळी माणसाला ब्राझील किंवा अर्जेंटिना वारसाहक्काने मिळते आणि त्यावरून घरात भाऊबंदकीही होते. गोव्याच्या माणसाला पोर्तुगालच्या बाबतीत इतिहास आडवा येतो, तरी तो चौकशी करतोच. मराठी प्रेक्षक-पर्यटकाचा निर्णय मात्र बहुधा कपड्यांच्या दुकानात होतो. ब्राझीलचा पिवळा सदरा पोटावर बसत नाही म्हणून अर्जेंटिनाचा निळा-पांढरा पट्ट्यांचा सदरा घेतला जातो, कारण उभ्या पट्ट्यांत माणूस बारीक दिसतो, आणि त्या दिवसापासून 'आपला मेस्सी' असा उल्लेख सुरू होतो. त्या स्पर्धेत अर्जेंटिनाचा एकही सामना डर्बनला नव्हता ही माहिती अशा सदऱ्यांच्या धन्यांना डर्बनला पोहोचल्यावर मिळाली, परंतु सदरा परत न घेण्याच्या बाबतीत जगातील सर्व दुकानदारांचे एकमत असल्याने तो अंगात राहिला.

नियमांचे ज्ञान हा या उपजातीचा दुसरा विशेष होय. ऑफसाइड, म्हणजे सहकाऱ्याने चेंडू पुढे टाकला त्या क्षणी प्रतिपक्षाच्या अर्ध्या मैदानात चेंडूच्याही पुढे आणि प्रतिपक्षाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पलीकडे उभ्या असलेल्या आक्रमकाने खेळात भाग घेतल्यास होणारा नियमभंग, हा विषय सहलीच्या पहिल्याच न्याहारीला निघतो आणि गटातील ज्येष्ठ काका तो मिठाच्या बाटल्या, चमचे आणि दोन उकडलेली अंडी यांच्या साहाय्याने सोडवायला घेतात. 'हे अंडं म्हणजे गोलरक्षक, ही मिरपूड म्हणजे बचावपटू, आणि हा चमचा त्याच्या पुढे उभा आहे,' असे काका सांगतात. 'अहो, पण पुढे उभं राहायचं नाही हे ठाऊक असताना तो आधीच तिथं जाऊन उभा का राहतो?' असे काकू विचारतात. या प्रश्नाला फुटबॉलच्या ग्रंथांत उत्तर नाही. काका गोलरक्षक सोलून खातात आणि चर्चा संपते.

प्रस्थानापूर्वी नातेवाइकांकडून मिळणारे सुरक्षाविषयक मार्गदर्शन हाही या सहलीचा अविभाज्य भाग मानावा लागतो. ज्या नातेवाइकांचा प्रवास बोरिवलीपलीकडे झालेला नसतो त्यांनाही दक्षिण आफ्रिकेतील चोरांच्या सवयी तपशीलवार ठाऊक असतात आणि त्यांच्या आग्रहापोटी प्रेक्षक-पर्यटक पारपत्र, पैसे, तिकिटे आणि परतीच्या तिकिटाची छायाप्रत कमरेला आतून बांधायच्या पट्ट्यात ठेवतो, त्यावर बनियन, त्यावर सदरा आणि त्यावर वाऱ्याचे जाकीट घालतो. ही व्यवस्था इतकी चोख असते की चोरालाच काय, स्वतः मालकालाही पैशांपर्यंत पोहोचता येत नाही, आणि दहा रँडचे पाणी विकत घेताना दुकानदारासमोर अर्धे वस्त्रहरण करावे लागते. रँड हे तेथील चलन. मागे रांगेत उभी असलेली माणसे हा प्रकार पाहून सभ्यपणे नजर दुसरीकडे वळवतात, आणि पट्टा नेमका कुठे बांधला आहे याची माहिती त्या दुकानातील प्रत्येकाला झालेली असते.

शहराशी पहिली भेट विमानतळावर होते, आणि डर्बनचा विमानतळ या बाबतीत निराशा करत नाही. शहराच्या उत्तरेला सुमारे पस्तीस किलोमीटरवर बांधलेला किंग शाका आंतरराष्ट्रीय विमानतळ १ मे २०१० रोजी, म्हणजे स्पर्धा जेमतेम सहा आठवड्यांवर आली असताना, सुरू झाला. झुलू राज्याचा संस्थापक असलेल्या शाका राजाचे नाव विमानतळाला दिल्यावर त्याचा पुतळा ओघानेच आला. शिल्पकार अँड्रीस बोथा यांनी तो घडवला आणि राजाभोवती काही गुरेही उभी केली. परंतु या मांडणीत आपला पराक्रमी पूर्वज योद्ध्याऐवजी गुराखी दिसतो, असा आक्षेप झुलू राजघराण्याने घेतला आणि उद्घाटनानंतर काही आठवड्यांतच राजा तेथून हलवण्यात आला. गुरे राहिली. याच शिल्पकाराने शहरात दगड आणि तारांच्या जाळीचे तीन भव्य हत्ती करायला घेतले होते. ते एका विरोधी पक्षाच्या चिन्हाशी जुळतात असे लक्षात आल्यावर त्यांचेही काम थांबवण्यात आले. निवडणूकचिन्ह आणि प्राणिमात्र यांचे नाते भारतीय वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. एवढेच नोंदवले पाहिजे की विमानतळाबाहेर आलेला प्रेक्षक-पर्यटक त्या बिनराजाच्या गुरांसमोर उभा राहून छायाचित्र काढून घेई, 'यांतला शाका कोणता?' असे हळूच विचारी, आणि मार्गदर्शक लांबवर पाहत राही.

पत्ता शोधणे हे पुढचे प्रकरण. २००८ च्या सुमारास डर्बनच्या महापालिकेने शंभरहून अधिक रस्त्यांची नावे बदलली. वेस्ट स्ट्रीटला डॉ. पिक्सली का सेमे यांचे, ग्रे स्ट्रीटला डॉ. युसूफ दादू यांचे आणि मूर रोडला चक्क चे गव्हेराचे नाव मिळाले. नव्या पाट्यांना काही नागरिकांनी काळे फासले, काहींनी त्या उखडल्या, आणि बहुसंख्यांनी मुंबईकर ज्या निष्ठेने आजही पेडर रोडच म्हणतो त्या निष्ठेने जुनी नावे चालू ठेवली. परिणामी पाहुण्याच्या हातातील नकाशात एक नाव, पाटीवर दुसरे आणि वाट सांगणाऱ्याच्या तोंडी तिसरेच, अशी परिस्थिती निर्माण झाली. त्यातच दक्षिण आफ्रिकेत रस्त्यावरच्या सिग्नलला रोबोट म्हणतात, त्यामुळे 'दुसऱ्या रोबोटपाशी डावीकडे' असे सांगितल्यावर कित्येक पाहुणे तो यंत्रमानव शोधत दोन-दोन चौक सरळ पुढे गेले. बंदराकडे जाणाऱ्या पॉइंट रोडचे प्रकरण याहून नाजूक आहे. रात्रीच्या व्यवसायांसाठी वर्षानुवर्षे कुप्रसिद्ध असलेल्या या रस्त्याला महात्मा गांधींचे नाव देण्यात आले, आणि हा सन्मान की अपमान यावर तेथील भारतीय वंशाच्या समाजातही बरीच कुरकुर झाली. गांधीजी १८९३ साली याच शहरात जहाजातून उतरले होते, हे आठवून एखाद्या मराठी गटातील निवृत्त शिक्षक भक्तिभावाने वाट विचारीत, 'महात्मा गांधी मार्ग कुठे आला?' तेव्हा तमिळ आजोबांचा नातू असलेला टॅक्सीवाला क्षणभर विचारात पडे आणि मग म्हणे, 'म्हणजे पॉइंट रोड! एवढ्या सकाळी, अंकल?'

भारतीय वंशाच्या लोकसंख्येचा उल्लेख आलाच आहे, तर खाद्यविचार टाळता येणार नाही. १८६० सालच्या नोव्हेंबर महिन्यात 'ट्रुरो' नावाचे जहाज मद्रासहून मजुरांची पहिली तुकडी घेऊन येथे आले, उसाच्या मळ्यांसाठी करारबद्ध झालेली हजारो माणसे त्यामागोमाग आली, आणि त्यांच्या पाठोपाठ गुजराती व्यापारी आले. मराठी माणसे या ओघात फारशी नव्हती. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान दक्षिण आफ्रिकेत आहेत, पण ते मुख्यतः केप टाउनला. या सर्वांच्या संगतीने डर्बनला जे विशिष्ट खाद्य मिळाले त्याला बनी चाऊ म्हणतात: पावाची अख्खी लादी आडवी कापून तिचा पाव किंवा अर्धा भाग घ्यायचा, आतला मऊ गाभा काढून तिचे भांडे करायचे, त्यात मटणाची, कोंबडीची किंवा घेवड्याची झणझणीत करी ओतायची आणि काढलेला गाभा वर झाकण म्हणून ठेवायचा. त्यात ससा नसतो, तरी नाव ऐकून शाकाहारी पाहुणे तीनतीनदा खात्री करून घेतात. हा पदार्थ हातानेच खायचा आणि झाकणाचा तुकडा रश्शात बुडवून सुरुवात करायची, असा तेथील शिष्टाचार आहे. जन्मभर हाताने जेवलेला भारतीय प्रेक्षक-पर्यटक परदेशात आल्याच्या जाणिवेने येथे काटा-चमचा मागतो. भांड्याची बाजू काट्याने फोडतो. रस्सा अर्जेंटिनाच्या पांढऱ्या पट्ट्यांवर येतो. आणि शेजारच्या टेबलावरचा जर्मन, मनगटापर्यंत हात बरबटवून, तृप्तीने तिसरे बोट चाटत त्याच्याकडे सहानुभूतीने पाहतो. सहलीबरोबर मुंबईहून आलेला आचारी या सगळ्याकडे पाठ करून हॉटेलात फोडणीचा भात करत असतो, आणि रात्री तोच भात सर्वजण, 'बाहेरचं किती दिवस खाणार?' असे म्हणत खातात.

व्हिक्टोरिया स्ट्रीटच्या बाजारात मसाल्याच्या ढिगांवर पाट्या असतात आणि त्यांतील सर्वांत लालभडक ढिगावर 'सासूसंहारक' अशा अर्थाचे इंग्रजी नाव लिहिलेले असते. या पाटीसमोर गटातील पुरुष मोठ्याने हसतात, सुना हसत नाहीत, आणि सायंकाळी बसमध्ये मोजदाद केली तर मसाल्याच्या पुड्या सुनांच्याच पिशव्यांत निघतात.

समुद्राचा विचार करता, गोल्डन माइल नावाने ओळखली जाणारी डर्बनची चौपाटी ही त्या स्पर्धेतील सर्वांत यशस्वी व्यवस्था म्हणता येईल, कारण तेथे वाळूवर मोठा पडदा उभारून ज्यांच्याकडे तिकिटे नाहीत त्यांच्यासाठी सामने फुकट दाखवले जात. ज्यांच्याकडे तिकिटे होती तेही तेथेच रमत, ही गोष्ट वेगळी. चौपाटीवर रिक्षा ओढणारे झुलू पुरुष असतात; त्यांच्या डोक्यावर मणी, पिसे आणि गुरांची शिंगे यांनी सजवलेले, दोन्ही खांद्यांबाहेर जाणारे शिरस्त्राण असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही वाहने येथे आली आणि एकेकाळी शहरात ती हजारांच्या संख्येने धावत. आता मोजकी उरली आहेत आणि त्यांचे मुख्य काम प्रवासी वाहून नेणे हे नसून प्रवाशाला मागे कलंडवणे हे आहे. चालक मध्येच उंच उडी घेतो, दांड्या वर जातात, प्रवाशाची पाठ जमिनीकडे आणि पाय आभाळाकडे होतात, आणि त्याच क्षणी सोबतचा माणूस छायाचित्र काढतो. पुढे घरोघर दाखवले जाणारे 'विश्वचषकातील क्षण' बहुतांशी हेच असतात.

हिवाळ्यात, जून-जुलैच्या सुमारास, या किनाऱ्याजवळून तारली माशांचे प्रचंड थवे उत्तरेकडे सरकतात आणि काही वर्षी ते इतके काठाशी येतात की लोक बादल्या, टोपल्या, प्रसंगी अंगातले कपडे घेऊन पाण्यात शिरतात. थव्यांमागे शार्क येतात म्हणून या काळात किनाऱ्यालगतची शार्क-प्रतिबंधक जाळी उचलून घेतली जातात आणि पोहण्यास मनाई होते. म्हणजे जाळी असताना मासे नसतात आणि मासे असताना जाळी नसतात. मालवणकडच्या पाहुण्याला हे सर्व ऐकून एकच गोष्ट खटकते. 'तारलीसाठी एवढं?' असे तो म्हणतो, भाव विचारतो, रँडचे रुपये करतो, आणि पुढचा तासभर कोणाशी बोलत नाही.

मराठी प्रेक्षक-पर्यटकाच्या मनातील खरे तीर्थस्थान मात्र फुटबॉलशी संबंधित नव्हतेच. नव्या फुटबॉल स्टेडियमपासून फार दूर नसलेल्या किंग्जमीड क्रिकेट मैदानावर १९ सप्टेंबर २००७ रोजी युवराज सिंगने स्टुअर्ट ब्रॉडच्या एकाच षटकात सहा षटकार मारले होते. त्यामुळे फुटबॉलच्या सामन्यासाठी सातासमुद्रापार आलेली बस वाटेत कुलूपबंद क्रिकेट मैदानापाशी थांबवली जाई आणि दारावरच्या रखवालदाराला विचारले जाई, 'चौथा कुठे पडला?' त्या रखवालदाराला हा प्रश्न नवा नसावा, कारण तो विचार न करता एका दिशेला हात करी. दुसरी बस आली की दुसऱ्या दिशेला. सर्वांचे समाधान होई.

अखेर स्टेडियम. कामगार नेते मोझेस मभीदा यांचे नाव दिलेल्या या वास्तूवर एक प्रचंड पोलादी कमान आहे. ती सुमारे साडेतीनशे मीटर लांब आणि मैदानापासून १०६ मीटर उंच असून एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दोन पाय टाकून उभी आहे, आणि ही रचना देशाच्या ध्वजावरील एकत्र येणाऱ्या पट्ट्यांवरून सुचलेली आहे. कमानीवर स्कायकार, म्हणजे रुळांवरून चढणारा काचेचा डबा, माथ्यापर्यंत नेतो, आणि तेथून एका बाजूला हिंदी महासागर, दुसऱ्या बाजूला बंदर आणि अगदी पायाशी दुसरे एक सुसज्ज, पन्नास हजारांवर माणसे मावणारे रग्बीचे स्टेडियम दिसते. तीन अब्ज रँडहून अधिक खर्च करून एका स्टेडियमच्या शेजारी दुसरे का बांधले, असा प्रश्न पाहुण्याला पडू शकतो; पण ज्याच्या गावात एका नव्या पुलाच्या शेजारी दुसरा नवा पूल आहे त्याला तो पडत नाही.

आत शिरल्यावर ज्या वाद्याशी गाठ पडे त्याला व्हुवुझेला म्हणतात. हा सुमारे दोन फूट लांबीचा प्लास्टिकचा कर्णा असून त्यातून एकच सूर निघतो, तो बदलत नाही आणि थांबतही नाही. जवळून त्याचा आवाज १२० डेसिबलच्या घरात जातो. जगभरच्या दूरदर्शन-प्रेक्षकांनी त्यावर बंदीची मागणी केली आणि फिफाने ती फेटाळली. डर्बनच्या आसपास मोठा अनुयायी वर्ग असलेल्या शेंबे पंथाने तर हे वाद्य मूळचे आपल्या उपासनेतील असल्याचा दावा केला. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत कानाशी पिपाणी सोसलेल्या मराठी माणसाला हा नाद परका वाटण्याचे कारण नव्हते, फरक इतकाच की तेथे गणपती पुढे सरकतो आणि येथे कोणीच सरकत नव्हते. साठ हजार माणसांनी हे कर्णे एकाच वेळी फुंकल्यावर शेजाऱ्याशी होणारे संभाषण पुढील धर्तीचे असे: 'गोल झाला का?' 'तीस रँड!' 'कोणी मारला?' 'बाहेर, उजवीकडच्या दुकानात!'

यजमान शहरात कोणता सामना पाहायला मिळेल हे नशिबावर असते. २५ जून रोजी डर्बनला ब्राझील आणि पोर्तुगाल यांची लढत होती आणि तिकिटांसाठी त्याहून मोठी लढत झाली होती. परदेशी पाहुण्याला साखळी सामन्याच्या उत्तम जागेचे १६० डॉलर पडत. चौथ्या वर्गाची १४० रँडची, म्हणजे वीसेक डॉलरची, तिकिटे केवळ स्थानिक रहिवाशांसाठी राखून ठेवलेली होती. दोन्ही संघांना बरोबरी चालण्यासारखी होती आणि ती चालली. पहिल्या अर्ध्या भागात पंचांनी सात पिवळी कार्डे, म्हणजे खेळाडूस द्यावयाच्या ताकिदी, दाखवली. ती वगळता पिवळ्या रंगाने काही केले नाही. सामना शून्य-शून्य सुटला, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, आणि ज्या सामन्यात कोणी काही केले नव्हते त्याचा सामनावीर म्हणून रोनाल्डोची निवड झाली. १६० डॉलरवाल्याला आणि १४० रँडवाल्याला शून्ये सारखीच मिळाली, ही समता त्या देशाच्या इतिहासात नोंद घेण्याजोगी आहे.

त्याच सायंकाळी, भारतात साडेनऊ वाजून गेले असताना, घरून दूरध्वनी येतो. 'आम्ही पूर्ण सामना पाहिला, तू एकदाही दिसला नाहीस,' असे आई सांगते. 'आई, साठ हजार माणसं होती.' 'इतर दिसत होते की. एक पिवळी टोपीवाला तर तीनदा दाखवला.' या आरोपाला उत्तर नसते. पुढच्या सामन्याला प्रेक्षक-पर्यटक पिवळी टोपी, दोन झेंडे आणि 'आई, मी इथे आहे' असा मराठी फलक घेऊन जातो, नव्वद मिनिटे कॅमेऱ्याचा माग काढत राहतो, आणि मागच्या रांगेतील डच गृहस्थाला फलकापलीकडचे मैदान दिसत नाही. तो काही बोलतो, पण कर्ण्यांमुळे ते ऐकू येत नाही.

भाड्याच्या निष्ठेची कसोटी स्पेनने पाहिली. १६ जून रोजी डर्बनला स्वित्झर्लंडने युरोपविजेत्या स्पेनला १-० असे हरवले, तेव्हा स्पेनचे लाल सदरे घेऊन आलेल्यांनी ते त्याच रात्री बॅगेच्या तळाशी टाकले आणि 'मला आधीपासूनच जर्मनीचा खेळ आवडतो' असे जाहीर केले. ७ जुलै रोजी उपांत्य सामन्यासाठी, म्हणजे अंतिम फेरीच्या अलीकडच्या लढतीसाठी, स्पेन आणि जर्मनी दोघेही डर्बनलाच आले. जर्मनीतल्या एका मत्स्यालयातील पॉल नावाच्या अष्टपादाने स्पेनचा कौल दिला होता, आणि विज्ञानाचे पदवीधरही त्या प्राण्याचा आजवरचा हिशेब बोटांवर मोजून दाखवत होते. काहींनी सावधगिरी म्हणून दोन्ही सदरे एकावर एक घातले. ७३ व्या मिनिटाला पुयोलने कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूला डोक्याने दिशा देऊन सामन्यातील एकमेव गोल केला, आणि त्या क्षणी मोठ्या संख्येने प्रेक्षक, विश्वचषकाच्या सनातन परंपरेनुसार, स्वच्छतागृहाच्या रांगेत होते. परतल्यावर वरचा सदरा काढून आतला दाखवण्याचे काम त्यांनी विनाविलंब केले.

यांहून दुर्दैवी असा एक वर्ग त्या रात्री आकाशात होता. सामन्यासाठी बड्या मंडळींची खासगी विमाने सव्वादोन महिन्यांच्या त्या नव्या विमानतळावर उतरली, आणि मालकांना सोडल्यावर त्यांनी जागा मोकळी करणे अपेक्षित असताना काहींनी हलण्यास नकार दिला. धावपट्टीलगतच्या जागा भरल्या, आणि साध्या प्रवाशांची विमाने डर्बनवर घिरट्या घालून आल्या वाटेने परत पाठवण्यात आली किंवा इतरत्र वळवण्यात आली. हातात शेकडो डॉलरचे तिकीट, गालावर रंगवलेला झेंडा आणि मांडीवर व्हुवुझेला घेऊन बसलेल्या शेकडो माणसांचा उपांत्य सामना अशा रीतीने बुडाला. विमानतळाच्या चालकांनी पुढे माफी मागितली. विमानात कर्णा वाजवण्यास मनाई असल्यामुळे निषेध नोंदवण्याचाही मार्ग उरला नव्हता.

अभ्यासकांचे लक्ष या वर्गाकडे जावे तितके गेलेले नाही. त्यांच्यापैकी कोणीही घरी परतल्यावर सामना चुकला असे सांगितल्याचे ऐकिवात नाही, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण सोसायटीच्या सभागृहात सत्कार ठरलेला होता, शाल आणि नारळ आणलेला होता, आणि सचिवांनी प्रास्ताविकात 'डर्बनच्या ऐतिहासिक उपांत्य सामन्याचे साक्षीदार' असे म्हणून ठेवलेले होते. प्रश्नोत्तरांत पहिल्या रांगेतील एका जिज्ञासूने विचारले, 'काय हो, सामना नीट दिसला का?'

'दिसला ना. पूर्ण स्टेडियम, कमान, दिवे, सगळं. अगदी वरून.'

'अरे वा! जागा कुठली मिळाली होती?'

'खिडकीची.'